राजा उलटा, देव सुलटा

पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी टोकावड्याच्या नाक्यावर उभं राहा. दर दहा मिनिटांनी कल्याणकडून एक गाडी येते, काच अर्धी खाली सरकते आणि आतून विचारणा होते, "काका, नाणेघाट कुठे?"

या प्रश्नाची मी आठवडाभर वाट पाहत असतो. गावात नाण्यांचा नाद असलेला माणूस मी एकटा. छत्री सावरून मी सुरुवात करतो, "असेच सरळ जा. वैशाखऱ्याच्या पुढं पायवाट लागेल. वर लेणं आहे. लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे. त्यात यज्ञात वाटलेल्या दक्षिणेचे आकडे आहेत. एका ठिकाणी २४,४०० कार्षापण..." इथवर येईतो काच वर निघालेली असते. "ते नाही हो काका, तो उलटा धबधबा कुठे आहे?"

दोन हजार वर्षांपूर्वीच्या हिशेबापेक्षा वर उडणारं पाणी माणसाला जवळचं वाटतं, यात त्यांचा दोष नाही. त्यांना एवढंच ठाऊक नसतं, की या भागातली खरी बघण्यासारखी उलटी वस्तू आमच्या देव्हाऱ्यात आहे. तिच्याकडे मी सावकाश येतो.

आमच्या डोक्यावर नाण्याच्या नावाचा घाट आहे. जुन्नरचा माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत आणि बंदरातला माल जुन्नरला याच वाटेनं जायचा. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सगळे सांगतात. त्याच सुमारास तिकडे रोममध्ये प्लिनी नावाचा एक गृहस्थ कुरकुरत होता, की हिंदुस्थान आमच्याकडून दरसाल ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं, पण प्लिनीसाठी नव्हे. एवढं धन आपल्या किनाऱ्यावर उतरलं, त्यातलं थोडं तरी आमच्या दारावरून वर गेलं असणार. आणि आमच्या एकाही पूर्वजाला वाटेत एखादा बैल अडखळवायची बुद्धी झाली नाही! रांजण वरच्या अंगाला, ओझी उचलायला आम्ही खालच्या अंगाला. ही व्यवस्था बघितली की सातवाहन मला एकदम आजचे वाटायला लागतात. बरं, त्यांनी स्वतः नाणी पाडली ती शिशाची, पोटीनची, तांब्याची, थोडी चांदीची. सोन्याच्या नावानं शून्य. एवढं मोठं घराणं, पण सोन्याच्या बाबतीत थेट आमच्या घरासारखं. येताना दिसायचं, थांबायचं नाही.

नाण्यांच्या नादाला पायऱ्या असतात. पहिली तांब्याची. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या जुन्या पेटीच्या तळाला एखादी शिवराई निघतेच. माणूस तिथंच थांबला तर संसार टिकतो. दुसरी चांदीची. तिथं १९३९ चा रुपया शोधण्यात ऐन उमेद जाते. तिसरी सोन्याची. सोन्यातही शहाणी माणसं वजन किती ते बघतात. वेडी माणसं एकूण किती पाडली ते बघतात. जितकी कमी पाडली तितका वेडाला जोर. मराठीत नाणी 'पाडतात' हे मला फार आवडतं. आमच्या तालुक्यात पाऊस न पाडता पडतो, रस्त्याला खड्डे पडतात, भाताचा भाव व्यापारी पाडतात. नाणी पाडणारं मात्र कोणी निघालं नाही.

मी शाळेत मराठीचा मास्तर. मास्तरच्या पगारात कमी पाडलेली सोन्याची नाणी जमवायची तर एकच उपाय : ती वाचायची. माझा संग्रह वाचलेला आहे. तो जगातल्या कुठल्याही संग्रहालयाच्या तोडीचा आहे आणि त्याला कुलूप लागत नाही. त्यात अमेरिकेचा १९३३ चा वीस डॉलरचा 'डबल ईगल' आहे. ४,४५,५०० पाडले आणि लोकांच्या हाती पडण्याआधीच सरकारनं जवळजवळ सगळे वितळवले. निसटलेल्यांतला एक २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरना गेला. ओटावाच्या टांकसाळीची १९१६ ची गिनी आहे, पाडल्याच मुळी ६,१११. शिवछत्रपतींचा होन आहे. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', वजन तीन ग्रॅमच्या आत, आणि आज मोजकेच उरलेले.

हा संग्रह मी रात्री जेवताना हिला दाखवतो, म्हणजे सांगतो. डबल ईगलची गोष्ट ऐकून ही म्हणाली, "मग वितळवलेलं सोनं गेलं कुठं?"

"विटा करून ठेवल्या सरकारनं."

"म्हणजे सोनं तेवढंच आहे ना? मग कमी काय झालं?"

या प्रश्नाला मी त्या रात्री आमटी वाढ म्हणून उत्तर दिलं. खरं उत्तर सुचायला पुढं बरीच वर्षं गेली.

आमच्या तालुक्यातला सोनार हिच्याच पंथाचा. त्याच्या शब्दकोशात शब्द चारच : मोड, घट, तूट, मजुरी. त्याच्यासमोर गिनीचं नाव काढलं तर तो राजा कोण, साल कुठलं, टांकसाळ कुठली, काही विचारत नाही. ७.९८ ग्रॅम, २२ कॅरेट, आत शुद्ध सोनं ७.३२. संपला राजा. मी त्याला एकदा दुर्मिळ नाण्याच्या चेहऱ्यालाही किंमत असते हे समजावत होतो. तो काट्यावरची नजर न काढता म्हणाला, "गुरुजी, चेहऱ्याचे पैसे सिनेमात मिळतात. इथं वजनाचे."

गावातली उरलेली माणसं दुसऱ्या टोकाची. त्यांना मोबाइलनं सांगितलंय, की जुन्या नाण्याचे लाखो मिळतात. त्यामुळे माझ्या ओटीवर वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं येतं, ट्रॅक्टरची पाचाची नोट येते, नंबरात ७८६ असलेली दहाची नोट प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून येते. "गुरुजी, दहा लाखाला जाईल ना? आठाला दिली तरी चालंल." शेवटी २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं, की असल्या खरेदी-विक्रीशी आमचा संबंध नाही, आमच्या नावानं कोणी पैसे मागितले तर देऊ नका. ते मी छापून ओटीवर लावलं. लोक ते वाचतात आणि म्हणतात, "बँकेलाच स्वस्तात पाहिजे असतील." गंमत म्हणजे हीच माणसं नाक्यावर दहा रुपयांचं नाणं घेत नाहीत. चालू नाणं कोणी हातात धरत नाही आणि बंद पडलेल्याला लाखाखाली सोडत नाही.

तर अशी माझी ख्याती पसरत पसरत चुकीच्या कानांपर्यंतही गेली. भात झोडणीच्या दिवसांत एका दुपारी दोन अनोळखी इसम आले. एकाच्या हातात कापडी पिशवी, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर सुतकी गांभीर्य. पाणी प्यायले, चहा प्यायले, मग दार लोटून घ्या म्हणाले. शहापूरकडं समृद्धीच्या खोदकामावर असताना म्हणे हंडा लागला. "मालक, कुठं बोलू नका. आम्ही गरीब माणसं. तुम्हाला यातलं कळतं, म्हणून तुमच्याकडं आलो."

'तुम्हाला यातलं कळतं' या वाक्यानं जेवढे मास्तर बुडाले असतील, तेवढे सावकारांनीही बुडवले नसतील. मी चष्मा पुसला. पिवळंधमक नाणं तळहातावर आलं. 'श्री राजा शिव'! छातीत धडधडायला लागलं. वजन मात्र तोळाभर लागत होतं.

"होन तीन ग्रॅमच्या आत असतो," मी म्हणालो.

"ह्यो राज्याभिषेकाचा ना मालक. त्या दिवशी मोठाच काढला असंल."

उत्तर पटण्यासारखं होतं. मोठ्या दिवशी जिलबीसुद्धा मोठी काढतात. मी नाणं उलटलं. मागं ठसठशीत अक्षरं : 'छत्रपती'.

ती दीर्घ!

पोरांच्या वह्यांतल्या वेलांट्या दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षं गेली आहेत. शब्दाच्या शेवटी येणारा इकार दीर्घ लिहावा, हा नियम सरकारनं मान्य केला १९६२ साली. महाराजांच्या खऱ्या होनावरचा 'ति' ऱ्हस्व आहे. म्हणजे या नाण्याच्या हिशेबानं १६७४ मध्ये रायगडावर मराठी साहित्य महामंडळाचे नियम लागू झालेले होते. नोकरीच्या काळात मी हजारो अशुद्ध शब्दांखाली लाल रेघ मारली. शुद्ध लिहिल्याबद्दल नापास केलेला हा पहिलाच.

मी नाणं परत दिलं आणि गंभीर आवाजात म्हणालो, "१८७८ चा कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. नाही कळवलं तर वर्षापर्यंत कैद. आपलं पोलीस ठाणं इथंच आहे. चला, मीही येतो साक्षीला." पिशवी आधी उठली, मागोमाग माणसं. ती गेल्यावर मला त्या दहा रुपयांचं हसू आलं. या कायद्यानं, नाक्यावरचा वडापाव कोणी जमिनीत पुरून ठेवला आणि तो मला सापडला, तरी ठाण्याला वर्दी द्यायला हवी.

आता देव्हाऱ्याकडे येतो.

आमच्या पणजोबांना एका वर्षी कल्याणच्या बाजारात भाताचा आणि गवताचा दर चांगला लागला. हा प्रसंग आमच्या घराण्यात पुन्हा आला नाही, म्हणून तो सगळ्यांना पाठ आहे. त्या पैशांतून त्यांनी सुनेसाठी, म्हणजे माझ्या आजीसाठी, सात गिन्या घेतल्या. खऱ्या श्रीमंतांकडे पुतळ्यांची माळ असायची. पुतळी म्हणजे मूळ व्हेनिसचं डुकाट. त्यावर तिथला राज्यप्रमुख संत मार्कसमोर गुडघे टेकून बसलेला असतो. आमच्या बायकांना त्यात दोन बाहुल्या दिसल्या. त्यांनी नाव दिलं पुतळी आणि घातली गळ्यात. पुढं इथले सोनार तशाच पुतळ्या स्वतःच घडवायला लागले. जगात नाणं खर्च करण्यासाठी पाडतात, आपल्याकडं त्याला कडी लावण्यासाठी. संग्राहकांच्या पुस्तकात कडीची खूण असलेल्या नाण्याला डागी म्हणून बाजूला काढतात. आमच्या आजीच्या भाषेत डाग म्हणजेच दागिना. दोघांच्या मध्ये मी उभा.

आजीच्या सात गिन्या कड्या लावायला सोनाराकडं दिल्या. एका बाजूला पाचव्या जॉर्जचं मुंडकं. त्याच्याशी आजीला कर्तव्य नव्हतं. दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला वीर, हातात तलवार, घोड्याच्या टापांखाली राक्षस. इंग्रजांचा हा संत जॉर्ज पिस्त्रुची नावाच्या इटालियन कारागिरानं १८१७ मध्ये घडवला. आजीनं त्याला एका नजरेत ओळखला : खंडोबा! अंगावर कपडे कमी होते, पण मणी-मल्लावर घाईत निघाला असेल, असा तिचा खुलासा होता. तर गळ्यात सात खंडोबा घालायचे ठरले. आणि सोनारानं सहा सरळ टांगले, सातवा उलटा. डोकं खाली, घोडा वर.

हे लक्षात आलं माळ गळ्यात पडल्यावर दोन दिवसांनी. "मेल्यानं देव उलटा टांगला!" आजीनं घर डोक्यावर घेतलं. कडी काढून पुन्हा लावायची तर देवाला पुन्हा विस्तव दाखवायचा. ते तिला मान्य नव्हतं. तिनं सातवी गिनी माळेतून सोडवली आणि देव्हाऱ्यात टाकांशेजारी उभी केली. कडी खाली, घोडा सुलटा. त्याबरोबर तिकडच्या बाजूला इंग्लंडचा राजाही सुलटा झाला, पण ते अनवधानानं.

माळेत राहिलेल्या सहांचं काय झालं? एक आत्याच्या लग्नात मोडली. दोन म्हशाच्या जत्रेत बैलजोडी होऊन घरी आल्या. एक विहिरीत घातली. विहिरीला पाणी लागलं नाही, गिनी तेवढी पाण्यात गेली. पाचवी चुलत्याच्या आजारपणात. सहावी माझ्या डीएडच्या फीला. म्हणजे आज मी कमी उरलेल्या नाण्यांवर तासभर बोलू शकतो, याचं कारण मीच एक नाणं कमी केलं.

सातव्या गिनीला कोणी हात लावला नाही. देव कसा मोडणार? सरळ लावलेल्या सहा सोनाराच्या मुशीत गेल्या आणि सोनाराच्या चुकीनं एक वाचली. तेव्हा मला हिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. नाणी पाडतात टांकसाळीत, पण दुर्मिळ होतात घरात. लंडनची १९१७ ची गिनी घ्या. १० लाखांवर पाडल्या. युद्धाचं कर्ज फेडायला त्या अमेरिकेला गेल्या, तिथं वितळल्या, आणि आज शोधून सापडत नाहीत. म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या घरीही विहीर होती, बैल होते, लग्नं होती. ही म्हणाली ते खरंच. सोनं जगात तेवढंच राहतं. कमी होतात त्या आठवणी. आणि उरलेलं नाणं पराक्रमानं उरत नाही, कुणाच्या तरी चुकीनं उरतं.

मग मला साहजिकच वाटलं, की आपली ही चूक नेमकी केवढ्याची आहे ते बघावं. पाचवा जॉर्ज आहे म्हणजे साल १९११ ते १९३२ मधलं. गिनीवर साल असतं तळाला, आणि त्याच्या डोक्यावर, घोड्याखालच्या जमिनीच्या रेघेवर, टांकसाळीचं बारीक अक्षर. एम असेल तर मेलबर्न, एस सिडनी, पी पर्थ, एसए दक्षिण आफ्रिका, अक्षर नसेल तर लंडन. सी असेल तर ओटावा. आणि त्यातही साल १९१६ असेल तर माझं पेन्शन मी शाळेला दान देईन. आणि आय असेल तर इंडिया, म्हणजे आपली मुंबई! पहिल्या महायुद्धात सोन्याची वाहतूक धोक्याची झाली, तेव्हा १९१८ मध्ये मुंबईच्या टांकसाळीत आधी पंधरा रुपयांच्या मोहरा पाडल्या, सुमारे २१ लाख, आणि मग गिन्या, सुमारे १३ लाख. १९१८ खेरीज दुसऱ्या सालाची गिनी इंग्रजांनी मुंबईत पाडली नाही.

भिंग घेऊन बसलो. साल दिसेना. अक्षर दिसेना. कारण सोनारानं राजा उलटा टांगला तेव्हा कडी आली तळाला, आणि कडीचा डाख बसला नेमका सालावर आणि अक्षरावर. ज्या चुकीनं गिनी वाचली, त्याच चुकीनं तिचं नाव-गाव झाकलं.

एकदा धीर करून मी ती रुमालात बांधली आणि पुण्याला नाण्यांच्या प्रदर्शनात नेली. एसटी माळशेज चढत होती तेव्हा माझा ऊर भरून आला. दोन हजार वर्षं सोनं आमच्या दारावरून घाट चढलं ते दुसऱ्यांचं. आज पहिल्यांदा टोकावड्याचं सोनं घाट चढत होतं. तिथल्या जाणकारानं डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "कडी नसती तर बोललो असतो. बहुधा ऑस्ट्रेलियातली. तिकडून भरपूर यायच्या." मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "१९१८ ची निघालीच, तर शंभर वर्षं उलटलीत. १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू. देशाबाहेर नेता येणार नाही." मी म्हटलं, हिला न विचारता घराबाहेर आणलीय, त्याची शिक्षा आधी भोगू द्या. संध्याकाळच्या एसटीनं टोकावड्याचं सोनं घाट उतरलं.

कडी काढायचा विषय मी सोनाराकडं काढला होता. तो म्हणाला, "काढतो. पण खाली जे असेल ते शिल्लक राहीलच असं नाही." प्रश्न मिटला. झाकली मूठ सव्वा लाखाची; उघडली आणि पर्थची निघाली तर?

मात्र या झाकल्या मुठीवर आमच्या घरात दरवर्षी एक संकट येतं. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी ही देव घासायला घेते. जुनं नाणं घासू नये, हा संग्राहकांचा पहिला नियम. आमचं नाणं आधी आजीनं, मग आईनं, आता हिनं मिळून साठ-सत्तर वर्षं चिंचेनं आणि राखेनं घासलंय. सुरुवातीला मी आडवा पडायचो. "देव काळा ठेवू? लोक काय म्हणतील?" यावर कुठल्याच पुस्तकात उत्तर नाही. पाचव्या जॉर्जची दाढी आता पुसट झालीय. खंडोबाच्या चेहऱ्यावर तर भाव असा राहिलाच नाही.

गेल्या चंपाषष्ठीला मी ओटीवर पेपर वाचत होतो. आतून हाक आली, "अहो, जरा भिंग घेऊन या."

ही परातीशेजारी बसलेली. गिनी उजेडाकडं धरून म्हणाली, "इथं बघा. कडीखालचं झिजलंय. बारीक रेघ दिसतेय."

मी भिंग लावलं. डाखाच्या कडेला, घोड्याच्या खाली, एक उभी रेघ. बारीक, सरळ, स्वच्छ. आय असू शकतो. एमचा एक पायही असू शकतो. पीची काठीही असू शकते. माझा हात थरथरायला लागला.

"घासू का अजून?" हिनं चिंच उचलली. "दहा मिनिटांत कळंल."

इतक्या वर्षांत तिनं माझ्या नादाला पहिल्यांदा हातभार लावायचा म्हटला होता. मी त्या रेघेकडं बघितलं. बाहेर नाक्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"राहू दे," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी."

तिनं माझ्याकडं बघितलं, काही बोलली नाही. गिनी फडक्यानं पुसली, कडी खाली, घोडा सुलटा अशी जागेवर ठेवली आणि वर चिमूटभर भंडारा उधळला. तो नेमका रेघेवर पडला.